पहिले तेल, मंग साबण

कौसल्या, भिवापूरच्या बसस्टँडवर तू मला सोडायला आली होतीस, आणि आपल्या सातऱ्यावरच्या चारपाच बायाही. इथे नागपुरात सांगावं लागतं की सातरा म्हणजे वाळल्या मिरचीचे देठ खुडायची जागा. तुम्ही सगळ्या थेट कामावरून आलात आणि डोळे पुसत उभ्या राहिलात. रडत होता की तिखट लागलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी रडले नाही. माझ्या एका हातात गाठोडं होतं, दुसऱ्या हातात तीन वर्षांची नात पल्लवी. माझी लेक रेखा आधीच खिडकीशी जाऊन बसली होती. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली. त्याचं नाव लिहीत नाही, शाई वाया जाते. आपला भाऊ म्हणाला, राहा. वहिनी काहीच म्हणाली नाही. तिचं ते न बोलणं मला नीट ऐकू आलं, म्हणून निघालो.

नागपुरात ज्याने खोली देतो म्हटलं होतं, त्याच्या दाराला कुलूप होतं. कुलूप चांगलं मोठं होतं. मग आम्ही उड्डाणपुलाखाली राहिलो. तिथे फार हाल झाले असं लिहिलं तर तुम्हाला वाचायला बरं वाटेल, पण शेजार गावच्यापेक्षा चांगला होता. रेखा बांधकामावर विटा उचलायला जायची. मला काम मिळालं ते मिरचीचं. एवढ्या दूर येऊन पुन्हा तेच देठ. मी मनातल्या मनात हसले.

पुलापासून जवळ चर्चची बालवाडी होती. रस्त्यावरच्या, झोपडीतल्या लेकरांना घ्यायची. शेजारणी म्हणाल्या, धर्म बदलवतील. मी सरळ जाऊन सिस्टरला सांगितलं की माझ्या बापाने एकदा बदलला तो पुरे आहे, आता आमच्याकडून होणार नाही. सिस्टर केरळची, पण नागपुरी बोलायला शिकलेली. ती म्हणाली, "आजी, तुमचा धर्म तुमच्याजवळच ठेवा. मले फक्त सकाळी नवाले पोरगी पायजे."

तिथे भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या. लेकरांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक खुंटीवर चित्र. कोणाचा मोर, कोणाची छत्री. पल्लवी म्हणाली, मिरची. मिरचीचं चित्र नव्हतं, तर बाईंनी काढून दिलं. पोरीने पिशवी तिथे लटकवली आणि दोनदा मागे वळून पाहिलं, कोणी काढत तर नाही ना. तिच्या मालकीची नागपुरात तेवढीच जागा होती.

बालवाडीची एक रीत होती. आठवड्यातून एक सकाळ घरच्या माणसाने यायचं, लेकरांचे हातपाय धुवायचे, जेवण वाढायचं. आमचा वार बुधवार. आता आपली आई काय म्हणायची ते आठव. सातऱ्यावरून घरात पाय टाकला की दारातूनच ओरडायची, "पहिले तेल, मंग साबण, मंग लेकरू." मिरचीचं तिखट नुसत्या पाण्याने जात नाही, पसरतं. पण पुलाखाली तेल कुठलं? पल्लवीच्या तोंडाला मी हात लावतच नसे, पदराने पुसायची. तिलाही सवय होती, ती गालाऐवजी डोकं पुढे करायची.

त्या पहिल्या बुधवारी राणी नावाची एक पोर नाक गळत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी बोटांनीच तिचं नाक पुसलं, आणि वरून मायेने गालावरून हात फिरवला. पोरगी अशी किंचाळली की सगळा वर्ग रडायला लागला. बायांनी तिचे डोळे पाण्याने धुतले. मी ओरडत होते, गालाले तेल लावा, तेल आणा. कोणाला काही कळेना. मी पल्लवीला उचललं आणि पळाले. हाकलून देण्याआधी निघालेलं बरं, हे मी भावाच्या घरी शिकले होते.

दोन दिवस पोरीला पाठवलं नाही. ती सकाळी पिशवी घेऊन पुलाच्या खांबापाशी जायची आणि हात वर करून खुंटी शोधायची. खांबाला कुठली खुंटी? पिशवी दिवसभर गळ्यातच.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आली, आणि तिच्याबरोबर राणीची माय, कचरा वेचणारी, अंगाने माझ्या दुप्पट. मी पदर खोचून तयार झाले. ती म्हणाली, "काहून वं बुढे, माझी पोरगी कालच ठणठणीत झाली. तुह्या पोरीले काहून बसवून ठेवलं? राणी रोज इचारून राहिली, मिरची कुठी गेली म्हणून."

सिस्टरने माझ्या हातात खोबरेल तेलाची बाटली दिली. म्हणाली, "बुधवारी याच्यापासून सुरू करा. खुंटी मी कोणाले देली नाही."

पल्लवी तोवर बालवाडीच्या दिशेने चालायला लागली होती.

आता पल्लवी पाचवीत आहे. माझी शाळा चौथीला संपली, म्हणून यंदापासून ती मला शिकवते आणि चुकलं की ओरडते. मी मिरची सोडली. त्याच बालवाडीत लेकरांचे हात धुवायचं कायमचं काम करते, तरी लेकरं मला मिरचीआजी म्हणतात. नाताळला मी तिथे केक खाते, चौदा एप्रिलला सिस्टर आमच्या वस्तीत खीर खाते. दोघींचा धर्म शाबूत आहे.

वस्तीत एक खोली घेतली आहे. सामान लावायच्या आधी मी भिंतीला खुंट्या ठोकल्या. घरमालक म्हणाला, भिंत खराब होते. मी म्हटलं, होऊ दे. तीन आमच्या, चौथी रिकामी. भिवापूरच्या घराची आठवण येते का, असं तू मागे विचारलं होतंस. मिरचीच्या वासाची येते. घराची नाही, तिथे माझी पिशवी कायम कोपऱ्यात पडलेली असायची.

चौथी खुंटी तुझी आहे. पल्लवीने तिच्यावर चित्रही काढून ठेवलं आहे, तुझ्यासारखंच मोठ्या नाकाचं. ये एकदा. तेलाची बाटली दाराशीच आहे. पहिले हात, मग पोरीचे गाल. आता ती गालच पुढे करते.