टाचवाली मावशी

प्रसूती विभागातल्या थोरल्या नर्सला सगळे टाचवाली मावशी म्हणत, कारण तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी रक्ताचे थेंब तीच घेई.

एकदा एका गरोदर बाईच्या रक्तात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची खूण निघाली. आता नवऱ्याचंही रक्त तपासायला हवं होतं, पण तो वेल्डर काही केल्या येईना. मावशी सरळ त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन थडकली.

"आमच्या घराण्यात कोणाला काही नाही," तो गुरकावला.

"अहो दादा, तीच खूण माझ्याही रक्तात आहे. मी दिसते का आजारी? पण आईबाप दोघांकडूनही आली, तर बाळाला आजार होऊ शकतो."

त्याने बाही वर सारली. खूण त्याच्यातही निघाली. मुलगी जन्मली, तपासणीत आजार कळला आणि दोन महिन्यांची असतानाच तिची औषधं सुरू झाली.

परवा ती सहा वर्षांची चिमुरडी बापाला मागे टाकून दवाखान्याचा जिना धावत चढली. बाप धापा टाकत मागून आला, सोबत एका तरुणाला घेऊन.

"मावशी, हा माझा धाकटा भाऊ. याचं लग्न ठरतंय. आधी याचं रक्त तपासा."

मावशीने हसत त्या तरुणाची बाही वर सारली.