आजोबांचं बाकडं

उभ्या ओहायो राज्यात आमच्या शेजारच्या आजोबांइतका संतापी माणूस सापडणार नाही, आणि त्यांचा संताप एकदाही अस्थानी गेलेला मला आठवत नाही. डब्लिनमधल्या आमच्या कॉलनीत ते लेकीकडे राहायला आले, ते चेक प्रजासत्ताकातल्या एका खेड्यातून. वय ऐंशीच्या पुढे, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारायचा. जन्मभर त्यांनी बीट पिकवलं, आपल्याच गावावर नऊ कादंबऱ्या लिहिल्या आणि एकदा शेतकऱ्यांच्या वतीने संसदेतही निवडून गेले. "गावाने मला मतं का दिली, ठाऊक आहे?" ते सांगायचे, "मी राजधानीत गेलो की चार वर्षं तरी त्यांच्यावर लिहिणार नाही म्हणून!" आजोबांनी तिथे बसूनही लिहिलंच, आणि गावाने पुढच्या खेपेला त्यांना पाडलं.

त्यांना रागवायला कारण लागत नाही, असं कॉलनीत म्हणत. साफ खोटं! कारण लागे, आणि ते इथे पावलोपावली मिळे. शनिवारी मी गवत कापायला लागलो की ते मोडक्या इंग्रजीत ओरडत यायचे, "गाय कुठे आहे? गाय नाही, तर हे गवत कोणासाठी?" दुकानात मक्याच्या कणसांना नख लावून बघताना मॅनेजरने हटकलं, तर त्यालाच झापलं, "हे तोडून आठवडा झाला. विकताना लाज वाटत नाही?" आमच्या कॉलनीवर त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली होती, तिच्यावर तर त्यांचा सगळ्यांत जास्त राग. "तीन वर्षांत एक भांडण नाही! गाडी येते, गॅरेज उघडतं, गाडी आत जाते, गॅरेज बंद. मी काय गॅरेजांवर लिहू?" माझ्यावर तर ते रोज ओरडत. एखाद्या दिवशी ओरडले नाहीत तर बायको विचारायची, "अरे, आजोबा बरे आहेत ना? जाऊन चेक कर."

शेवटी त्यांनीच बाकडं केलं. त्यांच्या गावात प्रत्येक घरापुढे रस्त्याकडे तोंड करून बाकडं असतं आणि गावचं सगळं राजकारण त्यावर होतं. त्यांनी फळ्या आणल्या, रंधा मारला आणि बाकडं पदपथाला लागून ठेवलं. पहिला महिनाभर त्यावर फक्त खारी बसल्या. मग सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई बसली, तिच्या शेजारी एका तेलुगू घरातल्या आजी. आई मराठीत सुनेची तक्रार सांगायची, आजी तेलुगूत गुडघ्यांची, आणि आजोबा त्यांच्या भाषेत मंत्र्यांना शिव्या घालायचे. तिघंही एकमेकांना जोरजोरात दुजोरा द्यायचे. इथे आल्यापासून भिंतीकडे बघत बसणारी माझी आई संध्याकाळचे पाच वाजायची वाट बघू लागली.

आणि कॉलनीच्या मंडळाचं पत्र आलं. घरापुढे आसन ठेवण्यास मनाई आहे, तीस दिवसांत हलवावे. मला अजून ते पत्र आठवलं की कानशिलं तापतात. माणसं बसतात याची कुणाला अडचण होते? आजोबांनी पत्र फाडलं नाही. मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि गावाकडच्या रीतीने घरोघरी प्रचाराला निघाले. लोक दाराच्या कॅमेऱ्यातून बघायचे आणि उघडायचे नाहीत. एका घराने तर पोलीस बोलावला. तो बिचारा बाकड्यावर बसून तासभर बिटाच्या भावाचा इतिहास ऐकून गेला. आमच्या अकरा देशी घरांनी मात्र दार उघडलं, चहा दिला. मी तर हात हातात घेऊन म्हणालो, "आजोबा, आमची अकरा मतं तुमचीच."

सभेच्या दिवशी अध्यक्षांनी कागदांचा एक गठ्ठा काढला. सभेला न येणाऱ्यांनी आपलं मत अध्यक्षांच्या हवाली केल्याचे ते कागद. त्यात आमच्या अकरा घरांचे अकरा होते, सगळ्यांत वर माझा, सहीसकट. महिन्यापूर्वी टपालाने आला होता तो. वीस वर्षं व्हिसा, एक्स्टेंशन, ग्रीन कार्ड करून आम्हाला एकच गोष्ट पक्की येते: कागद आला की वाचत बसायचं नाही, मुदतीच्या आत सही करून परत धाडायचा. आमच्या अकराही घरांनी तेच केलं होतं. बायको कुजबुजली, "आता सांग ना, माझी सही कॅन्सल करा म्हणून! तू इथे आहेस ना?" मी उठलो नाही. समोर गोरे अध्यक्ष, त्यांच्या हातात मी सही केलेला कागद. त्या इसमाचा मला राग आहेच, पण स्वतःचा त्याहून जास्त आहे. आजोबा नऊ मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकड्याच्या फळ्या सुट्या केल्या. मी शरमेने जवळ गेलो, मान खाली घालून. म्हटलं, आता मिशा थरथरतील, सगळी कॉलनी ऐकेल असं ओरडतील, आणि मला ते हवंच होतं. आजोबा वर बघून हसले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग. आज हवा छान आहे."

महिनाभर ते माझ्याशी असेच बोलले. मी गवत कापायचो तेव्हा हात हलवायचे. ऑक्टोबरात ते कायमचे गावी परतले. जाताना दारात येऊन आईला नमस्कार केला आणि माझे आभार मानले. बायको म्हणते, त्यांनी तुला माफ केलंय. तिला काय कळतंय! माफ केलं असतं तर जाता जाता एकदा तरी ओरडले असते.