पोत्यांनंतरचा पहिला माणूस

सायखेड्याच्या रस्त्यावरच्या पार्कात देशातला सर्वांत उंच रोलर कोस्टर उभारणारे आमचे शेजारी चाचणीसाठी सीटवर बांधलेल्या वाळूच्या पोत्यांशीही अदबीनं बोलायचे, "आजोबा, हात आत घ्या."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी 'मृत्यूचा झोका बंद करा!' हे आमच्या विरोध समितीचं, द्वारका चौकात वाटून उरलेलं पत्रक त्यांच्या हातात कोंबलं.

"न बसताच लिहिलंस का रे?" ते म्हणाले. "पोत्यांनंतर पहिला मी बसतो. चल."

मी ताठ मानेनं बसलो. उतारावर घोषणा द्यायची ठरवली होती, तोंडून फक्त "आई गं!" निघालं. ते मात्र डोळे मिटून रुळांचा आवाज ऐकत होते.

खाली येताच त्यांनी गेटला कुलूप घातलं. "तिसऱ्या वळणाला दणका बसतोय. उद्या कुणी बसणार नाही."

आमची मागणी मान्य झाली होती. विजयाची घोषणा द्यायला माझा आवाज मात्र अजून वरच होता.