शर्टाला आलेला फेस

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी माझा शर्ट वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, धुतला. आमच्या घरात आजही हा विषय निघाला की आई उठून आत जाते.

अण्णा सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर. त्या वर्षी पाऊस नाही, ऊस नाही, त्यामुळं कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. घरी बसून बसून कंटाळलेल्या अण्णांनी शेवटी माझं करिअर हातात घेतलं. मी अंबाजोगाईला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. येणार येणार म्हणून गाजलेल्या कंपन्यांपैकी एकच खरोखर येत होती. ती हुकली की मामांनी पाहून ठेवलेलं स्थळ. (स्थळ कारखान्यातच कामाला होतं. म्हणजे तेही घरीच बसून होतं.)

माझ्याकडे पांढरा शर्ट एकच. दुपारी टँकर आल्याची आरोळी ऐकून आई घागरी घेऊन पळाली आणि अण्णांनी घरातल्या शेवटच्या बादलीत शर्ट बुडवला. पावडर अंदाजानं टाकली. अण्णांचा अंदाज कारखान्यातला, पोत्यांचा! शर्ट चोळून झाला, तेवढ्यात आई रिकाम्या घागरी घेऊन परत आली. टँकर अलीकडच्या गल्लीतच संपला होता. अण्णांनी शर्ट तसाच पिळून वाळत टाकला, सकाळी इस्त्री केली आणि कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत.

"लई कडक झालाय बघ," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, खळ घातलीय. अंगात घातल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरल्यासारखं वाटलं. पण फॉर्मल कपडे असेच असतील अशी मी स्वतःची समजूत घातली.

लेखी परीक्षेतून आम्ही अकराजण उरलो होतो आणि माझा नंबर शेवटचा. कॉलेजच्या व्हरांड्यात बसून मी तीन तास घामाघूम होत होते. मान खाजायला लागली, मग पाठ. शेजारची मैत्रीण म्हणाली की इथं कुठंतरी फरशी पुसलेली दिसते, छान वास येतोय. अण्णा गेटबाहेर लिंबाखाली उभे होते. दर दहा मिनिटांनी मान उंच करून बघायचे.

आत एक मॅडम आणि एक न हसणारे सर. सरांनी क्यू म्हणजे काय ते विचारलं. पाठ केलेली व्याख्या ऐनवेळी डोक्यातून उडाली.

"सर, टँकरपुढं घागरींची लाइन लागती तसं. जी आधी आली ती आधी भरती."

"आणि प्रायॉरिटी क्यू?"

"चेअरमनची घागर."

मॅडम हसल्या आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. मी तो घटाघटा प्यायला गेले आणि अर्धा स्वतःच्या अंगावर सांडला. घाईघाईनं रुमाल काढून पुसायला लागले. पुसलं, तर पांढरं काहीतरी वर आलं. अजून जोरात पुसलं, तर ते अजून वाढलं. इंटरव्ह्यूत तोंडाला फेस येतो असं सीनिअर सांगायचे. माझ्या पोटाला आला होता.

सर पेन हातात धरून बघतच राहिले. मग म्हणाले, बोर्डावर प्रोग्रॅम लिहून दाखवा. मी उठले. हात वर केला की बाहीतून एक बुडबुडा बाहेर यायचा. एक तर मॅडमच्या वहीवर जाऊन बसला. मी लिहीत राहिले, कारण थांबून करणार काय?

"तुम्हाला काही होतंय का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"न्हाई मॅडम, हाय ते बरं हाय." इतक्या वर्षांच्या शिक्षणानं कमावलेली शुद्ध भाषा त्या एका क्षणात वाहून गेली.

बाहेर आले तर अण्णांनी आधी माझ्या शर्टाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"एक बादली कमी पडली, बाई," ते म्हणाले. "तुला कशाला सांगावं म्हणलं. उगी टेन्शन घेतलं असतंस."

मला रडू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून तेही जमेना. आम्ही दोघं लिंबाखाली बसून राहिलो. संध्याकाळी निकाल वाचला. चौघांची नावं होती आणि चौथं माझं. अण्णांनी ते नाव ऑफिसात जाऊन पुन्हा दोनदा वाचून घेतलं.

नोकरीत दोन वर्षं झाल्यावर ते न हसणारे सर ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटले. धीर करून विचारलं, सर, मला का घेतलं होतं? ते म्हणाले, प्रोग्रॅम चुकला होता. पण अंगावर एवढा गोंधळ चालू असताना जी मुलगी शांतपणे काम करत राहते, तिला कुठल्याही संकटात उभं करता येईल असं वाटलं.

तेव्हापासून कुठलीही सिस्टिम बंद पडली की मलाच बोलावतात. त्या दिवशी बोर्डापुढं घाबरून माझे पाय जागचे हलत नव्हते, हे मी अजून कंपनीला कळू दिलेलं नाही.