नॉबले हात नाही लावला

"आप्पा, तुमी पुन्हा सरकून राह्यले. नॉबवरचा हात काढा."

"हात तर माह्या मांडीवर हाय. मी नॉबले हात नाही लावला."

"मग काय नॉब आपल्या मनानं फिरते?"

वाशीमला माझ्या दुकानातल्या सेटवर मी हे ऐकत होतो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांच्या सेटमधला बोर्ड मीच बनवलेला होता.

माझा धंदा इन्व्हर्टर आणि फवारणी पंपाचे चार्जर दुरुस्त करण्याचा. हौस मात्र हॅम रेडिओची. म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि स्वतःच्या सेटवरून लांबच्या माणसांशी बोलायचं. रोज सकाळी आमच्यातले काही जण ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात. त्याला नेट म्हणतात. अकोल्याचे एक सिनियर ते चालवतात, आप्पांना हटकत होते ते हेच. फ्रिक्वेन्सीवरून सरकलं की आपण दुसऱ्यांच्या बोलण्यात जाऊन पडतो. लायसन्सवाल्याला ही मोठी लाजेची गोष्ट.

आप्पांची सगळी नोकरी सरकारी वायरलेसमध्ये गेली. आता आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या मळ्यात राहतात. मुलगा आणि सून वांगी, टोमॅटो आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात. काचबिंदूने आप्पांचे दोन्ही डोळे गेले. रेडिओवर कोणालाच कोणी दिसत नसतं, त्यामुळे तेवढा वेळ आप्पा बाकीच्यांच्या बरोबरीचे असतात. डिस्प्ले दिसेना, म्हणून मी त्यांना बोलणारा बोर्ड करून दिला. त्यात मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटर. नॉब फिरवला की त्याच्याकडे ठोके जातात, तो ठोके मोजतो आणि तेवढी फ्रिक्वेन्सी बदलतो. बटण दाबलं की आकडा मराठीत बोलून दाखवतो. आवाज आमच्या हिचा आहे. आप्पा तिला 'बोर्डातली बाई' म्हणतात.

त्या दिवशी नेट संपल्यावर मी बस पकडून मळ्यात गेलो आणि बोर्ड काढून दुकानात आणला. आधी सप्लाय पाहिला. पाच व्होल्ट, जिथल्या तिथे. मग नॉबवर संशय घेतला. आत घासला की नॉब खोटे ठोके देतो. नवीन टाकला. मग स्वतःच्याच प्रोग्रामवर संशय घेऊन तो पुन्हा लिहिला. दिवसभर बोर्ड चालू ठेवला. आकडा एक घरसुद्धा हलला नाही. मी खुशीत बोर्ड परत बसवून आलो.

दुसऱ्या दिवशी नेटवर आप्पा बोलायला लागले आणि दोन वाक्यांत सरकले. सिनियर यावेळी ओरडले नाहीत, समजुतीने बोलले. "आप्पा, वय झालं की हात थरथरतो. आराम करा." ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आप्पा नेटवर यायचे बंद झाले. त्यांच्या सुनेचा, शोभाचा फोन आला.

"भाऊ, मामाजी सेट कोणाले देऊन टाका म्हणून राह्यले. जेवत नाही धड. हे म्हणतात बाबाचा हात कापते. मले तर कापताना नाही दिसत."

मी आप्पांशी बोललो.

"सुधाकर, तुह्या बोर्डात खोट नाही. दुकानात चांगला चालते ना? मग खोट माह्यात हाय. लोकाइच्या बोलण्यात तंगडी कायले घालू?"

जन्मभर वायरलेस चालवलेला माणूस स्वतःच्या हातावरचा भरवसा गमावून बसला होता. मला स्वतःचाच राग आला. बोर्ड माझ्या टेबलावर शहाण्यासारखा वागतो, एवढ्यावर मी त्यांना खोटं पाडलं होतं.

सकाळच्या पहिल्या बसने मी मळ्यात पोचलो. दसरा होऊन गेला होता, दव पडायला लागलं होतं. आप्पांना खुर्चीत बसवलं. हात मांडीवर. सेटचं झाकण काढलं.

"बोला काही."

"काय बोलू?"

"टोमॅटोचा भाव सांगा."

आप्पा तोंड सेटजवळ नेऊन भावावर बोलू लागले. डिस्प्लेवरचा आकडा वर सरकू लागला. नॉबला कोणाचा हात नव्हता.

"आप्पा, तुमचा हात नाही. मी डोळ्यानं पाहून राह्यलो."

ते बोलायचे थांबले. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी दोन्ही तळवे मांडीवर जोरात घासले आणि शोभाला हाक मारून चहा टाकायला लावला.

आता चोर पकडायचा होता. जवळून पाहायला मी वाकलो तर आकडा पळाला. सरळ झालो, थांबला. पुन्हा वाकलो, पुन्हा पळाला. तेव्हा लक्षात आलं: श्वास. तोंडाची वाफ. आप्पा सेटला तोंड लावून बोलतात आणि वाफ झाकणाच्या फटींतून आत जाते. दुकानात बोर्डाशी कोणी बोललंच नव्हतं.

पेनाची रिकामी नळी घेतली आणि एकेका भागावर हळू तोंडाची वाफ सोडली. इकडे काही नाही, तिकडे काही नाही. कंट्रोलरच्या ज्या पिनांवर नॉबच्या तारा येतात तिथे वाफ सोडली आणि आकडा सुसाट निघाला. तिथे कुंकवाचं ठसठशीत बोट होतं.

ते मला आधी दिसलं नव्हतं असं नाही. चांगलं दिसलं होतं. पण दसऱ्यानंतर आपल्याकडे कुंकू कशावर नसतं? माझ्या मीटरवर होतं, सोल्डरिंग गनवर होतं. कुंकू कोणी खराबी म्हणून बघतं का? पाण्यात कालवून लावलेलं, त्यात हळद, चुना, बोटाचा घाम. कोरडं असेपर्यंत गुमान राहतं. वाफ लागली की ओलं होतं आणि दोन पिनांमध्ये वीज झिरपते. शेजारच्या पिनवरचे ठोके नॉबच्या पिनवर येत होते आणि कंट्रोलर बिचारा समजत होता की नॉब फिरतोय.

शोभा चहा घेऊन आली. मी बोट दाखवलं.

"मीच लावलं," ती म्हणाली. "काहून? नाही लावाव काय?"

"झाकणावर लावायचं ना, बाई."

"झाकण थोडीच बोलते? मामाजीसंग बोलते ते आतली पट्टी. म्हून मी मुद्दाम खोलून तिले लावलं."

आप्पा इतके हसले की चहा बशीत सांडला. मग गंभीर होऊन म्हणाले, "पूजा खरी झाली तिची. जागा चुकली."

स्पिरिट आणि जुना ब्रश घेऊन मी पिना घासल्या, वाळवल्या, वरून वार्निशचा हात दिला. मग बोर्डावर मनसोक्त फुंकलो. आकडा ढिम्म. माझ्या जिवात जीव आला.

नेट अजून चालू होतं. आप्पांनी माइक घेतला आणि हजेरी लावली. टोमॅटो, दव, सोयाबीन, सगळ्यांवर बोलले. शेवटी सिनियर म्हणाले, "आप्पा, आज तुमी जरासे पण हलले नाही."

"मी कधीच हललो नव्हतो, बाप्पा. ओव्हर."

मग सिनियर म्हणाले, "चुकलं आमचं."

हल्ली दुकानात कोणी 'मी काही हात लावला नाही' म्हणालं, तर मी लगेच हसत नाही. आधी ती वस्तू घरी कुठे ठेवली होती ते विचारतो. बहुतेक वेळा त्याने हात लावलेलाच असतो. पण विचारायला काय जातं?