वरचं मॉडेल नको

गाडी घ्यायची ठरवल्यावर पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारीक होती. आळेफाट्याच्या एका शोरूमची काच ढकलून आम्ही आत गेलो, आणि टाय लावलेला सेल्समन हात जोडून म्हणाला, “या, या. एकूण पावणं किती?”

मी किंचाळले. आई दारातच थबकली आणि तिनं मागं वळून बघितलं. माझे वडील, आप्पा, दोन पावलं सरकून भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

सेल्समनची चूक नव्हती. तो होता बाहेरगावचा. आमच्या मळ्यात ‘पावणं’ म्हणजे पाहुणे नव्हेत, हे त्याला कोण सांगणार? बिबट्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्या आईची शिस्त, म्हणून तिनं त्याला हे नाव दिलं. “आज पावणं येऊन गेलं.” “पावण्यानं खालच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं.” आणि इथं एक माणूस हसून विचारत होता, एकूण किती!

असे किस्से सुटे असतात तोवर त्यांचं काही वाटत नाही. मी नारायणगावला माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. डबा खाताना एखादा सांगितला की मैत्रिणी हसायच्या. पण गाडी बघण्याच्या तीन महिन्यांत ते इतके साठले, की आता मी सांगायला लागले की हसता हसता कुणीतरी उठून खिडकी लावून घेतं.

*

आधी हे सांगते, की गाडी हवी कशाला होती.

आमचं घर आळ्याजवळच्या मळ्यात, डांबरी रस्त्यापासून आत किलोमीटरभर. दोन्ही बाजूंना ऊस. त्या वाटेनं संध्याकाळी यायचं तर घरचा एक नियम आहे: फोन लावायचा आणि बोलत यायचं. काय बोलतो याला किंमत नाही, आवाज पुढं जायला हवा, म्हणजे पावणं वाटेतून बाजूला होतं. मी वाटेला लागले की आईला फोन लावते, आई डेअरीत दूध घालून निघाली की मला लावते. “बोलत ये,” एवढंच आम्ही एकमेकींना सांगतो.

मागच्या हिवाळ्यात मी अशीच कानात हेडफोन घालून, स्कूटीवर बोलत येत होते. आईला सांगत होते की आज लॅबमध्ये कुणाच्या मातीत किती क्षार निघाले. तेवढ्यात पुढून काहीतरी आडवं गेलं. दिसलं असं नाही म्हणता येणार. पण माझ्या उजव्या पोटरीला काहीतरी लागून गेलं, मऊ, दोरीसारखं.

घरी आल्यावर मी सांगितलं. आप्पा म्हणाले उसाचं पाचट असेल. आईनं माझी पोटरी बघितली, पाणी ओतून धुतली, आणि म्हणाली, “आता चार काचांच्या आत बसून यायचं. गाडी बघा.”

*

गाडी निवडायच्या आमच्या कमिटीत चौघं. मी, आई, आप्पा आणि शकीलमामा. मामांचं जुन्नरला गॅरेज आहे. आप्पांचा ट्रॅक्टर आणि माझी स्कूटी वर्षानुवर्षं त्यांच्याच हाताखालून जातात. बजेट ऐकून त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. वाटेला खड्डे, म्हणून उंच हवी. खिसा लहान, म्हणून लहान हवी. रोजचं जाणं-येणं थोडं, म्हणून डिझेलचा नाद नको, पेट्रोल घ्या.

आईला ‘पेट्रोल’ हा भाग पटेना. आळेफाट्याच्या त्याच शोरूममध्ये सेल्समननं गाडी चालू केली. आई बॉनेटजवळ कान नेऊन उभी राहिली. मग तिनं विचारलं, “चालू कधी करणार?”

“मावशी, चालूच आहे,” तो खूश होऊन म्हणाला. “एकदम सायलेंट. हाच तर हिचा प्लस पॉइंट आहे.”

आईनं बॉनेटवरचा हात काढून घेतला. “आमच्याकडं सायलेंट एकच चालतं,” ती म्हणाली, “अन् त्याला बी आमी टाळतो.”

*

तरी टेस्ट ड्राइव्ह घेतली. आप्पा म्हणाले, आमच्या वाटेवर चालवून दाखवा. आमच्या वाटेला मध्ये एक वळण आहे, तिथं ऊस अंगावर येतो. पाण्याचा पाइप आडवा पडला होता म्हणून सेल्समननं गाडी थांबवली, न्यूट्रल केली. आणि इंजिन बंद पडलं. आपोआप. एसीचा आवाज मंदावला, आणि एकदम बाहेरचं ऐकू यायला लागलं.

वारा नव्हता. तरी डावीकडचा ऊस वाजत होता. सगळा नाही, एवढाच, दोन हात रुंदीचा. तो आवाज आमच्या बरोबरीनं आला आणि थांबला.

मी आप्पांचा सदरा धरला. सेल्समन मात्र कौतुकानं स्क्रीन दाखवत होता. गाडी थांबली की इंजिन बंद, क्लच दाबला की परत चालू, हे फीचरच आहे म्हणाला. “पेट्रोल वाचतं, सर.”

“पेट्रोल वाचंल,” आप्पा उसाकडं बघत म्हणाले. “आमी न्हाई वाचणार. क्लच दाबा, राव.”

*

दुसरी गाडी नारायणगावच्या शोरूमची. त्यांचा माणूस संध्याकाळी गाडी घेऊन घरीच आला. मी त्याच्या शेजारी बसले होते, तो अंगणात गाडी मागं घेत होता. स्क्रीनवर मागचं अंगण, वैरणीचा ढीग आणि त्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा. एकदम सेन्सर ओरडायला लागला. आधी तुटक, मग सलग.

स्क्रीनवर काहीच नव्हतं. वैरणीचा ढीग, ढिगाची सावली, बस्स.

आमचा टॉमी मोटारसायकलवरसुद्धा भुंकतो. पावण्यानं मान धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा आहे, त्याचा त्याला जरा माजच आहे. तो त्या वेळी बाजेखाली जमिनीला हनुवटी लावून पडला होता. शेपूटसुद्धा हलत नव्हती.

तो माणूस म्हणाला सेन्सरवर धूळ बसली असणार, उतरून पुसतो. त्यानं दाराला हात घातला तसे ओट्यावरून आप्पा म्हणाले, “उतरू नका. फुडं घ्या.” त्यानं पुढं घेतली. सेन्सर गप्प झाला.

सकाळी आई अंगण झाडायला निघाली आणि झाडू तसाच ठेवून तिनं मला हाक मारली. टायरची नक्षी मातीत स्वच्छ उठली होती. तिच्याखाली एक गोल ठसा, अर्धा चिरडलेला. मी म्हटलं, गाडी गेल्यावर आलं असेल. आईनं मान हलवली. नंतर आलं असतं तर ठसा वर असता, नक्षी खाली. इथं ठसा खाली होता. म्हणजे गाडी मागं आली तेव्हा ते आधीच अंगणात होतं, आणि सेन्सर त्यालाच बघून ओरडला होता.

मी ओट्यावर बसकण मारली. आईनं झाडू परत उचलला.

“सेन्सर चांगला हाय,” ती म्हणाली. “हीच घेऊ.”

*

गाडी ठरली. राहिलं मॉडेल. खालच्या मॉडेलला साधा पत्र्याचा टप, वरच्या मॉडेलला सनरूफ, म्हणजे टपात काच. खरं सांगते, मला सनरूफ हवं होतं. आयुष्यात एकदाच गाडी घ्यायची, थोडा हप्ता वाढला तर वाढला. आप्पा म्हणाले आभाळ तर अंगणातनं फुकट दिसतंय. आईचं मत कुणी विचारलंच नाही.

शकीलमामांकडं तेच वरचं मॉडेल दुरुस्तीला आलं होतं, तळेघरच्या एका गिऱ्हाइकाचं. पोचवायला ते स्वतः निघाले होते, म्हणाले चल, घाटात कशी ओढते ते बघ. भर दुपार होती. तळेघर जवळ आलं तशी झाडी दाट झाली आणि मी हट्टानं सनरूफ उघडायला लावलं. मान मागं टाकून बघत बसले. फांद्या सरकत होत्या, मध्ये मध्ये निळं दिसत होतं. खूप छान वाटलं.

एका मोठ्या झाडाखाली मामांनी गाडी हळू केली, समोरून म्हशी येत होत्या. माझ्या मनगटावर एक कोमट थेंब पडला. मग दुसरा. मी म्हटलं, “मामा, पाऊस?”

मामांनी माझ्या मनगटाकडं बघितलं. वर नाही बघितलं. डॅशबोर्डवरचं फडकं घेऊन माझा हात पुसला, बटण दाबून सनरूफ बंद केलं, आणि ते फडकं खिडकीतून बाहेर टाकून दिलं. मामा फडकं टाकणाऱ्यातले नाहीत. त्यांच्या गॅरेजात चिंधीसुद्धा धुऊन वाळत घालतात.

तळेघरला त्यांनी गाडी पोचवली. येताना एसटीत बसल्यावर एवढंच म्हणाले, “बेटा, वरचं मॉडेल नको.”

*

बुकिंग केल्यावर गाडी यायला दीड महिना लागणार होता. तेवढ्यात आईनं ब्रोशर पाठ केलं. त्याला कारण होतं. डेअरीतून परत येताना तिला रोज फोनवर बोलायला विषय लागायचा, आणि रोज रोज काय बोलणार? मग ती गाडीच म्हणायची, मोठ्यानं, पाढे म्हणावेत तशी. “सहा एअरबॅग. मागं क्यामेरा. मागं सेन्सर. पंधरा इंची चाक. उंच सीट.” संपलं की पहिल्यापासून. लॅबमध्ये फोन स्पीकरवर असायचा, तर माझ्या मैत्रिणींचंसुद्धा पाठ झालं.

एक दिवस ती ‘मागं सेन्सर’पाशी थांबली.

मी म्हटलं, आई? काही नाही. नुसता तिचा श्वास. मग तीच परत सुरू झाली, पण आवाज अगदी खाली, एका सुरात, “सहा एअरबॅग. मागं क्यामेरा.” शब्दाशब्दाला एक पाऊल टाकत असल्यासारखी. घराची कडी वाजेपर्यंत तिनं ती यादी नऊ वेळा म्हटली. मी मोजत होते, दुसरं काय करणार?

नंतर तिनं सांगितलं. उसातून कुणीतरी बरोबरीनं चालत होतं. ती बोलत होती तोवर चालत होतं. ती थांबली, तसं ते जवळ आलं.

*

गाडी आली. पांढरी, खालचं मॉडेल, पत्र्याचा टप. आईनं चाकांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. इंजिन आपोआप बंद होण्याचं ते फीचर हिलाही होतं. ते नको असेल तर दरवेळी गाडी चालू केल्यावर एक बटण दाबावं लागतं. मी विसरेन म्हणून आईनं आपल्या कपाळाची लाल टिकली काढून त्या बटणावर चिकटवली. “निघताना टिकली दाबायची,” म्हणाली. “अन् फाटकापाशी थांबून मला फोन लावायचा. मी फाटक उघडीन. तू उतरायचं न्हाई.”

दोन आठवडे मी रोज टिकली दाबली.

परवा लॅबमधून निघायला उशीर झाला आणि मी विसरले. वाटेला लागले तेव्हा दिवस नुकताच मावळला होता, अजून दिसत होतं. वळण गेलं. फाटकापाशी आले, थांबले, न्यूट्रल केलं, आणि इंजिन बंद झालं. बाहेरचं ऐकू यायला लागलं.

मग टपावर धप्प झालं. फार मोठ्यानं नाही. पिठाचं पोतं कुणी अलगद ठेवावं तसं. गाडी किंचित खाली दबली आणि परत वर आली नाही.

पाय क्लचवर होता, पण दाबायला होईना. मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून आईला फोन लावला. गाडीच्या स्पीकरमधून रिंग सगळीकडं घुमायला लागली. पूर्ण वाजली, बंद झाली. परत लावला. परत बंद.

आणि तेव्हा मला आई दिसली. फाटकाच्या आत, अंगणात, दहा-बारा पावलांवर. ओट्याच्या दिव्याखाली उभी. हातातला फोन पेटलेला होता, वाजतानाही ऐकू येत होता. ती फोनकडं बघत नव्हती. माझ्याकडंही नाही. माझ्या थोडं वर बघत होती.

टपाचा पत्रा एकदा वाजला. पुढून मागं.

मी तिसऱ्यांदा फोन लावला. आईनं नजर न हलवता, अगदी सावकाश, हात कानाशी नेला. स्पीकरमध्ये खट् झालं.

“सहा एअरबॅग,” आई पाढा म्हणावा तशा आवाजात म्हणाली. “फुडचं तू म्हण, सोने. थांबू नको. पावणं टपावर हाय.”