रेडिएटरमधलं पाणी

नेदरलँड्समध्ये आर्नहेमला आमच्या घरांमागे गॅरेजांची एक ओळ आहे. त्यातलं कोपऱ्यातलं शेजारच्या आजोबांचं. आजोबा मी मनात म्हणायचो. तोंडाने 'बूरमान', म्हणजे नुसतं शेजारी. ते निवृत्त दंतवैद्य. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि गॅरेजात त्यांची साठच्या दशकातली, दोन दारांची इवलीशी गाडी. मी इथे वीज क्षेत्रात इंजिनीअर आहे. कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात ऑफिस घरात आलं आणि लॅपटॉप मिटला की मी त्या गॅरेजात जायला लागलो.

त्यांना फुप्फुसांचा त्रास होता, म्हणून दीड मीटर अंतराचा नियम ते कसोशीने पाळत. दारात घडीच्या खुर्चीवर ते, आत बॉनेटखाली मी. हात माझे, डोकं त्यांचं.

इंजिन साधं होतं. चार सिलिंडर, एक लिटरहूनही कमी, एकच कार्बोरेटर, कॉम्प्युटर कुठेच नाही. टॅपेटचं झाकण काढून व्हॉल्व्हची फट कशी लावायची ते त्यांनी मला शिकवलं. इंजिन गार हवं. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट बघायची, सातवा उघडा असताना दुसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ. फीलर गेजची पातळ पट्टी फटीत घातली की किंचित अडखळत निघाली पाहिजे. फट सैल राहिली तर इंजिन टकटक करतं, फार घट्ट झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो.

"आयुष्यभर मी हेच काम केलं," ते म्हणाले. "फक्त इंजिन कण्हत नाही."

थंडीच्या आधी त्यांनी माझ्याकडून रेडिएटर रिकामा करवून घेतला. अर्धं पाणी, अर्धं अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत पाणी गोठू न देणारं द्रव. ते हिरवट मिश्रण मात्र त्यांनी स्वतः ओतलं, मास्क लावून, जवळ येऊन. हे काम ते कुणाला देत नसत. मी नरसाळं धरलं होतं. हे नीट वाचा. नरसाळं मी धरलं होतं.

डिसेंबरात पुन्हा सगळं बंद झालं तेव्हा त्यांची मुलगी त्यांना डेल्फ्टला आपल्याकडे घेऊन गेली. किल्ली माझ्याकडे. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायची, पूर्ण गरम होईपर्यंत वस्तीभोवती फिरवायची आणि परत लावायची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच मला इंजिनाच्या पाण्याच्या पंपाखाली ओल दिसली. रेडिएटरचं झाकण उघडलं तर पातळी खाली गेलेली.

मी बायकोची झाडांना पाणी घालायची झारी आणली आणि वरपर्यंत भरलं. पुढच्या आठवड्यात परत. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. पुण्यात माझे वडील रोज सकाळी गाडीत पाणी घालत, बॉनेटवर थाप मारत आणि मगच निघत. गाडीला पाणी घालणं म्हणजे माझ्या लेखी गाडीची काळजी घेणं. नळाचं साधं पाणी, थेंबाथेंबाने बाहेर गेलेल्या मिश्रणाच्या जागी. पाणी गोठलं की फुगतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पदवीधर इंजिनीअर आहे. डोक्यातच आलं नाही.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "माझी म्हातारी कशी आहे?"

"सगळं ठीक."

गळतीबद्दल बोललो नाही. त्या दिवसांत पुण्याला फोन केला की इकडून 'सगळं ठीक', तिकडूनही 'सगळं ठीक', मग भाऊ हॉस्पिटलात का असेना. लांबच्या माणसाला काळजीत घालायचं नाही, ही आमची रीत. मी तीच त्यांना लावली.

फेब्रुवारीत कालवे गोठले. सगळं गाव बर्फावर घसरत होतं, मीही काठावर उभा राहून फोटो काढले. बर्फ वितळल्यावर गॅरेज उघडलं तर जमिनीवर पाणी होतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने बोटभर लांब चीर. ओतीव लोखंड होतं ते, सांधलं जात नाही सहसा. पाण्याला हिरवटपणा जवळजवळ नव्हताच.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"तू त्यात पाणी घालत होतास ना रे?" ती म्हणाली. "माझ्या झारीने?"

"हो."

"मग सांगून टाक. शेवटी गाडीच आहे."

मी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं की गाडी गोठली. मार्चमध्ये मुलगी त्यांना घेऊन आली. ते चिरेजवळ वाकले, तिथून अजून पाझरणारं पाणी बोटांवर घेतलं, बोटं एकमेकांवर चोळली.

"हे नुसतं पाणी आहे," ते म्हणाले.

"पपा, तू विसरलास," मुलगी म्हणाली. ती कंटाळलेली होती, दुष्ट नव्हती.

"नाही. मी घातलं होतं." मग ते माझ्याकडे वळले. "तू होतास ना तेव्हा? आपण अँटीफ्रीझ घातलं होतं ना?"

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

एवढंच वाक्य. सक्ती कुणी केली नव्हती. मुलगी समोर होती, मी इंजिनीअर होतो, दर रविवारी ठीक म्हणत आलो होतो, आणि हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त बोटं पँटला पुसली.

गाडी कुणीतरी सुट्या भागांसाठी ट्रेलरवर घालून नेली. त्यानंतर त्यांनी रोजच्या वापरातली दुसरी गाडीही चालवणं सोडलं. सकाळी आमची बेल वाजवून विचारायचे, "आज मंगळवारच ना?" मंगळवारच असायचा. त्यांना ठाऊक असायचं, पण आता कुणीतरी दुजोरा द्यावा लागायचा. मुलीने डेल्फ्टजवळ वृद्धांसाठीचं घर शोधलं. कदाचित त्यांचं विसरणं तसंही सुरू झालंच असतं. हे वाक्य मी कित्येक महिने उशाशी घेऊन झोपलो. 'सांगितलंस का' हे बायकोने विचारणं थांबवलं होतं, ते जास्त लागायचं.

ते तिकडे राहायला जाणार त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. खोक्यांमध्ये बसून सगळं सांगितलं: पंपाची गळती, झारी, साधं पाणी, रविवारचं ठीक. माझं डच अशा वेळी मोडतं, तरी सांगितलं.

त्यांनी विचारलं, "पंप गळत होता?"

"हो."

"म्हणजे ऑक्टोबरात आपण मिश्रण भरलं तेव्हाही गळत असणार. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"नाही, तेव्हा कोरडा होता. तुमचं मिश्रण बरोबर होतं. मी नरसाळं धरलं होतं, मला स्पष्ट आठवतंय."

"तेव्हा तर तुला आठवत नव्हतं." टोमणा नव्हता त्यात. पेशंटच्या दोन उत्तरांत मेळ बसत नसावा, तसं म्हणाले.

"तेव्हा मी खोटं बोललो."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू चांगला माणूस आहेस. माझ्या मुलीने सांगितलं का तुला असं बोलायला?"

मी नाही म्हणालो, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते मान हलवत राहिले, समजूत काढणाऱ्याला बरं वाटावं म्हणून हलवतात तशी. मुलीलाही मी त्याच दुपारी सांगितलं. ती खोक्यावर पट्टी चिकटवत होती. "हे मार्चमध्ये सांगायचं होतं," ती म्हणाली आणि पुढचं खोकं ओढलं.

मी निघालो तेव्हा त्यांनी दारातून हाक मारली. मागचं दार लावलंय का, जरा बघशील का, म्हणाले. मी जाऊन पाहिलं. कडी लागलेली होती.

"लावलंय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला धरत धरत स्वतः बघायला गेले.